आफ्रिका खंड: उंची, पाणी आणि माणसांच्या वस्त्या

शाळांच्या भिंतींवर टांगलेल्या जगाच्या नकाशात आफ्रिका खंड आणि ग्रीनलंड बेट जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठा आहे. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये सागरी प्रवासाच्या सोयीसाठी आखलेल्या या नकाशापद्धतीत ध्रुवांकडील प्रदेश फुगतात आणि विषुववृत्तालगतचे प्रदेश तुलनेने लहान दिसतात. त्याऐवजी क्षेत्रफळाचे योग्य प्रमाण राखणारे नकाशे वापरावेत, या मागणीच्या मोहिमेला आफ्रिकी महासंघाने ऑगस्ट २०२५ मध्ये पाठिंबा दिला.

आकाराची ही दुरुस्ती आवश्यकच आहे. मात्र सपाट नकाशा आणखी एक गोष्ट झाकतो, ती म्हणजे उंची. आफ्रिका हा प्रामुख्याने पठारांचा खंड आहे. कोणता प्रदेश किती उंचीवर आहे आणि तेथून पाणी कोणत्या दिशेने वाहते, यावरून या खंडात माणसे कोठे वसली, कोणती पिके घेतली गेली, राज्ये कोठे उभी राहिली आणि आजचे तंटे कोठे पेटले, याचा बराचसा उलगडा होतो. राजकीय सीमा मात्र या रचनेची फारशी दखल न घेता आखल्या गेल्या. खंडापुढील अनेक प्रश्नांचे मूळ या विसंगतीत आहे.

स्थान आणि विस्तार

सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किमी क्षेत्रफळाचा आफ्रिका हा आशियाखालोखाल जगातील दुसरा मोठा खंड असून पृथ्वीवरील एकूण जमिनीपैकी सुमारे एक पंचमांश जमीन त्याने व्यापली आहे. भारताच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ नऊ पटींहून अधिक आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ८,००० किमी, तर पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ७,४०० किमी आहे. खंडात संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश आहेत. २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्यानंतर क्षेत्रफळाने सर्वांत मोठा देश हा मान अल्जीरियाकडे गेला. लोकसंख्येत नायजेरिया प्रथम क्रमांकावर आहे.

कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्यातून जातात, असा हा एकमेव खंड आहे. विषुववृत्त त्याच्या जवळपास मध्यातून जात असल्याने हवामानाचे पट्टे दोन्ही बाजूंना आरशातील प्रतिबिंबासारखे मांडलेले आढळतात. मध्यभागी वर्षावने, त्यांच्या उत्तरेला व दक्षिणेला गवताळ प्रदेश, त्यापलीकडे वाळवंटे आणि दोन्ही टोकांना हिवाळ्यात पाऊस देणारे भूमध्य सागरी हवामान असा हा क्रम आहे. ट्युनिशियाच्या आणि केप टाऊनच्या परिसरात द्राक्षमळे दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

पठार आणि किनारा

आफ्रिकेत हिमालयासारखी सलग उत्तुंग पर्वतरांग नाही. वायव्येकडील अ‍ॅटलास पर्वत हा घडीचा तरुण पर्वत असून मोरोक्कोतील तूबकाल हे त्याचे सर्वोच्च शिखर ४,१६७ मीटर उंच आहे. उर्वरित खंडाचा बहुतांश भाग अतिप्राचीन, कठीण खडकांच्या पठारांनी बनला आहे. उत्तर आणि पश्चिम भाग तुलनेने सखल, तर पूर्व आणि दक्षिण भाग उंच आहे. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा २,३०० मीटरहून अधिक उंचीवर वसली आहे. केनियाची राजधानी नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईपेक्षाही उंच. विषुववृत्ताजवळ असूनही या शहरांची हवा आल्हाददायक असते, ती या उंचीमुळे. लेसोथो हा तर संपूर्ण भूभाग १,००० मीटरहून अधिक उंचीवर असलेला जगातील एकमेव स्वतंत्र देश आहे.

ही पठारे समुद्राजवळ येऊन एकाएकी संपतात. दक्षिण आफ्रिकेतील ड्रॅकेन्सबर्ग हा या कड्याचा सर्वांत ठळक भाग होय. दख्खनचे पठार सह्याद्रीच्या कड्याशी संपून खाली कोकणची चिंचोळी पट्टी लागते, त्याच्याशी या रचनेचे साम्य आहे. पठाराच्या कडेवरून नद्या धबधब्यांच्या रूपाने खाली उतरतात. परिणामी, समुद्रातून नदीत शिरलेले जहाज फार आत जाऊ शकत नाही.

किनाराही बहुतांशी सरळ आहे. युरोपचे क्षेत्रफळ आफ्रिकेच्या सुमारे एक तृतीयांश असूनही त्याचा किनारा आफ्रिकेपेक्षा लांब आहे, कारण तो आखाते, उपसागर आणि द्वीपकल्पे यांनी दंतुर झाला आहे. आफ्रिकेत नैसर्गिक बंदरे मोजकी आहेत. त्यातच सोळा देशांना समुद्रकिनाराच नाही. चाड, नायजर, झांबिया किंवा दक्षिण सुदान यांसारख्या देशांना आयात-निर्यातीसाठी शेजारी देशांचे रस्ते, रेल्वे आणि बंदरे यांवर विसंबावे लागते.

खचदरी: दुभंगणारी भूमी

पूर्व आफ्रिकेत जमीन अक्षरशः दुभंगत आहे. इथिओपियातील अफार प्रदेशापासून मोझांबिकपर्यंत तीन हजार किमीहून अधिक अंतरात महाखचदरी पसरली आहे. पूर्वेकडील सोमाली भूपट्ट आणि पश्चिमेकडील न्युबियन भूपट्ट दरवर्षी काही मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जात आहेत. ही गती संथ असली, तरी तिचे परिणाम कधी कधी अकस्मात प्रकट होतात. सप्टेंबर २००५ मध्ये अफार प्रदेशात जमिनीखाली लाव्हारस शिरून काही दिवसांतच सुमारे ६० किमी लांबीच्या पट्ट्यात भूकवच कमाल आठ मीटरपर्यंत रुंदावले. कोट्यवधी वर्षांनंतर येथे नवा समुद्र तयार होईल, असा भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. खंडातील सर्वांत खोलगट जागाही याच परिसरात आहे. जिबूतीतील खाऱ्या पाण्याचे असाल सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५५ मीटर खाली आहे.

खचदरीलगत ज्वालामुखी पर्वत उभे राहिले. टांझानियातील किलिमांजारो हे खंडातील सर्वोच्च शिखर ५,८९५ मीटर, तर केनिया पर्वत ५,१९९ मीटर उंच आहे. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या सुपीक मातीमुळे या पर्वतांचे उतार, तसेच रवांडा व बुरुंडी हे छोटे डोंगराळ देश दाट वस्तीचे झाले आहेत.

दरीच्या तळाशी सरोवरांची माळ आहे. टांगानिका सरोवराची कमाल खोली सुमारे १,४७० मीटर असून बैकलखालोखाल ते जगातील सर्वांत खोल सरोवर ठरते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील द्रवरूप गोड्या पाण्यापैकी सुमारे एक षष्ठांश पाणी एकट्या टांगानिकात आहे. याउलट, खचदरीच्या दोन शाखांच्या मधल्या उथळ भागात असलेले व्हिक्टोरिया सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किमी पसरलेले, पण जेमतेम ८० मीटर खोल आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तिन्ही देशांतील मच्छीमारांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे.

नद्यांच्या वाकड्या वाटा

आफ्रिकेतील मोठ्या नद्या समुद्राकडे सरळ जात नाहीत. नायजर नदी गिनीच्या डोंगराळ भागात, अटलांटिक किनाऱ्यापासून अवघ्या २४० किमीवर उगम पावते. मात्र समुद्राकडे पाठ फिरवून ती ईशान्येला सहाराच्या कडेपर्यंत जाते, मालीत विस्तीर्ण अंतर्गत त्रिभुज प्रदेश निर्माण करते, टिंबक्टूजवळून वळसा घेते आणि एकूण सुमारे ४,१८० किमीचा प्रवास करून नायजेरियात समुद्राला मिळते. वाळवंटाच्या उंबरठ्यावर पाणी नेणाऱ्या या वळणावरच माली आणि सोंघाई ही साम्राज्ये भरभराटीला आली. सहारातील मीठ आणि दक्षिणेकडील सोने यांचा व्यापार तेथे एकत्र येत असे.

सुमारे ४,७०० किमी लांबीची काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना खोरे असल्याने वर्षातील कोणत्याही महिन्यात त्याच्या कोणत्या ना कोणत्या भागात पावसाळा असतो, त्यामुळे तिचा प्रवाह बऱ्यापैकी स्थिर राहतो. पाण्याच्या विसर्गात ॲमेझॉननंतर तिचा क्रमांक लागतो. खोऱ्याच्या आतील भागात ती हजारो किमी जलवाहतुकीस योग्य आहे. मात्र किन्शासा ते मताडी या सुमारे ३५० किमीच्या टप्प्यात ती पठारावरून सुमारे २७० मीटर खाली उतरते आणि हा टप्पा नौकांना अशक्य ठरतो. तो ओलांडण्यासाठी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या राजवटीत रेल्वे बांधण्यात आली. १८९८ मध्ये ती पूर्ण झाली, तेव्हा अनेक मजुरांचा बळी गेलेला होता.

झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधबा सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे. त्याच्या 'मोसी-ओआ-तुन्या' या स्थानिक नावाचा अर्थ 'गर्जणारा धूर' असा होतो. ओकावांगो नदी तर समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस काही महिन्यांचा प्रवास करून बोट्सवानातील कलहारी वाळवंटात पसरतो आणि ऐन कोरड्या ऋतूत तेथे पूर येतो. हत्तींचे कळप आणि इतर वन्यजीव या पाण्याच्या वेळापत्रकानुसार स्थलांतर करतात.

वाळवंट, गवताळ प्रदेश आणि वने

सहारा हे ९० लाख चौरस किमीहून अधिक विस्ताराचे जगातील सर्वांत मोठे उष्ण वाळवंट आहे. त्याचा केवळ सुमारे चतुर्थांश भाग वाळूच्या टेकड्यांचा असून उर्वरित भाग खडकाळ पठारे, खडी आणि डोंगर यांचा आहे. हा प्रदेश नेहमीच असा नव्हता. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वीच्या काळात तेथे पुरेसा पाऊस पडत असे, गवत आणि सरोवरे होती. अल्जीरियातील तासिली पठारावरील शैलचित्रांत गुरांचे कळप आणि पाणघोडे आढळतात. पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षाच्या कलातील संथ बदलांमुळे मोसमी पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकला आणि माणसे पाण्याच्या मागे गेली. काही नाईलच्या खोऱ्यात, तर काही दक्षिणेकडे स्थिरावली.

सहाराच्या दक्षिण कडेला साहेल हा निमओसाड पट्टा आहे. 'साहिल' म्हणजे किनारा, या अरबी शब्दावरून हे नाव पडले. वाळवंटाला समुद्र मानले, तर हा त्याचा काठ ठरतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतील भीषण दुष्काळांत येथील लक्षावधी जनावरे दगावली आणि माणसांचे मोठे स्थलांतर झाले. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंट बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे कोरडे राहिले आहे. तेथील जीवसृष्टी पावसापेक्षा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगते.

मध्य आफ्रिकेतील वर्षावन हे ॲमेझॉननंतरचे जगातील दुसरे मोठे वर्षावन आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे १ लाख ४५ हजार चौरस किमी क्षेत्रावर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा दलदलीचा थर असून त्यात सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठला असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. ही दलदल कोरडी पडल्यास हा कार्बन वातावरणात मिसळेल. त्यामुळे तिचे रक्षण हा साऱ्या जगाच्या चिंतेचा विषय आहे.

माणसे आणि भाषा

मानवजातीचा सर्वांत प्राचीन पुरावा आफ्रिकेतच मिळतो. इथिओपियातील हदार येथे १९७४ मध्ये सापडलेला 'लुसी' हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. आधुनिक मानवाचे आजवरचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील असून ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मानव येथे सर्वाधिक काळ राहिल्याने जनुकीय वैविध्यही येथेच सर्वाधिक आहे. 'आफ्रिकी माणूस' असा एकच चेहरा कल्पिणे त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.

खंडात सुमारे दोन हजार भाषा बोलल्या जातात. एकट्या नायजेरियात त्यांची संख्या पाचशेच्या आसपास आहे. उत्तरेकडील अरबी व अमाझिग, इथिओपियातील अम्हारिक व ओरोमो, सोमाली आणि पश्चिमेकडील हौसा या भाषा आफ्रो-आशियाई कुलातील आहेत. नाईलच्या वरच्या खोऱ्यातील दिन्का व न्युएर, तसेच खचदरीच्या गवताळ प्रदेशातील मसाई या पशुपालक समाजांच्या भाषा निलो-सहारन गटात मोडतात. नायजर-काँगो हे सर्वांत मोठे कुल असून योरुबा, इग्बो, झुलू, शोना आणि स्वाहिली त्यातच येतात. दक्षिणेकडील सान आणि खोइखोई समाजांच्या भाषांत जीभ टाळ्याला किंवा दातांना लावून सोडल्याने उमटणारे 'चटकारे' व्यंजनांचे काम करतात.

नायजर-काँगो कुलातील बांतू भाषांच्या प्रसारात भूगोलाची भूमिका स्पष्ट दिसते. सुमारे चार ते पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या परिसरातून बांतू भाषक शेतकरी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरू लागले. वर्षावनाच्या मोकळ्या वाटा, नद्या आणि सरोवरांभोवतीची सुपीक उंच भूमी हे त्यांचे टप्पे होते. पुढे लोखंडाची अवजारे त्यांच्या हाती आली. जेथे उन्हाळी पावसाऐवजी हिवाळी पाऊस सुरू होतो, तेथे त्यांची पिके येईनात आणि त्यांचा विस्तार थांबला. खंडाच्या नैर्ऋत्य टोकाला खोइखोई समाज टिकून राहिला, त्यामागे हेही एक कारण होते.

त्सेत्से माशीनेही इतिहासाला वळण दिले. हिच्या दंशाने गुरांना आणि घोड्यांना प्राणघातक रोग होतो, तर माणसांना निद्रारोग जडतो. सुमारे एक कोटी चौरस किमीच्या दमट पट्ट्यात तिचा वावर असल्याने तेथे बैलांचा नांगर किंवा घोडदळ रुजू शकले नाही. मात्र थंड उंच पठारांवर ती जगत नाही. इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात बैलांच्या नांगरावर चालणारी शेती आणि दीर्घकाळ टिकलेले राज्य या दोन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. याच राज्याने १८९६ मध्ये अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव करून आपले स्वातंत्र्य राखले.

पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेचे नावही 'साहिल' याच मूळ शब्दापासून आले आहे. बांतू व्याकरण आणि अरबी शब्दांची भर यांतून घडलेली ही भाषा मोम्बासा, झांझिबार आणि किल्वा या बंदरांतून वाढली. ती आज आफ्रिकी महासंघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे.

पट्टीने आखलेल्या सीमा

नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेवरील दाव्यांचे नियम ठरवले. या परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अक्षांश, रेखांश आणि नद्यांच्या आधारे रेषा ओढल्या गेल्या. सोमाली भाषक सोमालिया, इथिओपिया, केनिया आणि जिबूती अशा चार देशांत विभागले गेले. मसाईंची कुरणे केनिया आणि टांझानियात, तर एवे समाजाची गावे घाना आणि टोगोत वाटली गेली.

भूरचनेकडे दुर्लक्ष झाल्याचे सर्वांत बोलके उदाहरण नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातील काप्रिवी पट्टी हे आहे. सुमारे ४५० किमी लांबीची ही चिंचोळी पट्टी जर्मनीने १८९० मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात मिळवली. झांबेझी नदीपर्यंत पोहोचल्यास जलमार्गाने हिंदी महासागर गाठता येईल, असा जर्मनीचा हिशेब होता. मात्र या पट्टीपासून थोड्याच अंतरावर व्हिक्टोरिया धबधबा त्या जलमार्गाची वाट रोखून उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर या सीमा बदलायच्या की टिकवायच्या, हा प्रश्न नव्या देशांपुढे होता. आफ्रिकी एकता संघटनेने १९६४ मध्ये कैरो येथे वसाहतकालीन सीमा कायम ठेवण्याचा ठराव केला. एक सीमा बदलली, तर सगळ्याच सीमांवर वाद सुरू होतील, अशी भीती त्यामागे होती. या निर्णयाने अनेक युद्धे टळली असावीत. मात्र पाऊस आणि चारा यांच्या मागे शेकडो किमी फिरणाऱ्या फुलानी, तुआरेग किंवा सोमाली पशुपालकांना सीमा ओलांडल्याखेरीज जगता येत नाही, ही अडचण कायम राहिली.

भारताशी जुने नाते

आफ्रिका आणि भारत हे दोन्ही भूभाग एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे भाग होते. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून रूढ केले. चंद्रपूर परिसरातील कोळसा आणि दक्षिण आफ्रिकेतील कोळसा हे दोन्ही याच महाखंडाच्या काळातील थरांत सापडतात. पुढे भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत असताना ज्या तप्तस्थानाच्या लाव्ह्यातून दख्खनचा काळा कातळ घडला, त्याच तप्तस्थानातून नंतर मॉरिशस आणि रीयुनियन ही बेटे वर आली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. आफ्रिकी महासंघाचा सदस्य असलेल्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर काम करण्यासाठी गेलेल्या कोकणातील मजुरांच्या वंशजांचा मराठी समाज आजही आहे.

भारताच्या पावसातही आफ्रिकेच्या उंचीचा वाटा आहे. उन्हाळ्यात दक्षिण हिंदी महासागरातून येणारे वारे पूर्व आफ्रिकेच्या पठाराला अडून त्याच्या कडेने उत्तरेकडे वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून वेगाने अरबी समुद्र ओलांडून भारताकडे येतात. हवामानशास्त्रात हा प्रवाह 'सोमाली जेट' म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणातील ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तृणधान्ये, तसेच चवळी हे कडधान्य मूळचे आफ्रिकेतील असून हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली.

माणसेही आली. त्यांतील अनेकांना गुलाम म्हणून आणले गेले. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला आणि बालपणीच विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने वसवलेले खडकी हे नगर म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर होय. तेथील नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी त्याच्या दूरदृष्टीची साक्ष देते. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. गुजरात आणि कर्नाटकातही सिद्दी समाजाची वस्ती आहे.

पाण्याचा प्रश्न

आफ्रिकेची लोकसंख्या आज सुमारे १५० कोटी असून निम्मी लोकसंख्या १९-२० वर्षांखालील आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत ती सुमारे २५० कोटींवर जाईल. तेव्हा जगातील दर चार माणसांपैकी एक आफ्रिकी असेल. या लोकसंख्येला पाणी कोठून मिळणार, या प्रश्नाचे गांभीर्य नाईलच्या खोऱ्यात आणि चाड सरोवराभोवती सर्वाधिक जाणवते.

इजिप्तची सुमारे ९५ टक्के लोकसंख्या नाईलकाठच्या आणि तिच्या त्रिभुज प्रदेशातील अरुंद भूमीवर राहते. त्या देशात पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून येते. तरीही १९५९ च्या करारात नाईलचे पाणी इजिप्त आणि सुदान या दोनच देशांनी वाटून घेतले. त्यानुसार इजिप्तला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर, तर सुदानला १८.५ अब्ज घनमीटर पाणी मिळाले. इथिओपियाला या करारात स्थान नव्हते. इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर ७४ अब्ज घनमीटर क्षमतेच्या धरणाचे काम सुरू केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. इथिओपियासाठी ते अंधारातील घरांत वीज पोहोचवण्याचे साधन आहे, तर इजिप्तच्या दृष्टीने तो अस्तित्वाचा प्रश्न आहे. दुष्काळाच्या वर्षांत किती पाणी सोडायचे, यावर दोन्ही देशांत बंधनकारक करार झालेला नाही.

चाड सरोवर १९६० च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किमी पसरले होते. घटलेला पाऊस आणि वाढता उपसा यांमुळे १९८० च्या दशकात त्याचा विस्तार एक दशांशाहून कमी उरला. त्यानंतर त्यात काही प्रमाणात सुधारणा झाली असली, तरी सरोवर पूर्ववत झालेले नाही. नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून या चारही देशांतील मच्छीमार, शेतकरी आणि पशुपालक एकाच आक्रसलेल्या काठावर आले. सशस्त्र गटांच्या हिंसाचाराने त्यांची अवस्था अधिक बिकट केली. वाळवंटीकरण रोखण्यासाठी साहेलमध्ये २००७ पासून 'महान हरित भिंत' हा उपक्रम सुरू असून २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर जमीन पुन्हा उपजाऊ करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. उंचावरील बर्फही आटत आहे. किलिमांजारोवरील १९१२ मध्ये नोंदवलेल्या हिमाच्छादनापैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाले आहे.

नाईलचे खोरे अकरा देशांत पसरले आहे, चाड सरोवर चार देशांच्या काठांना लागते आणि काँगोच्या एकाच प्रवाहाच्या दोन तीरांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या समोरासमोर उभ्या आहेत. आफ्रिकेतील पाणी कोणत्याही एका देशाच्या मालकीचे नाही. त्यामुळे येत्या काळात या खंडातील शांतता, शेती आणि ऊर्जा यांचे भवितव्य उंचावरच्या आणि सखल भागातल्या देशांत होणाऱ्या जलवाटपाच्या करारांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.